पाणमांजराला लागते तेवढी नदी

नाशिकमध्ये नदीचा विषय निघाला की बोलणे बहुतेक वेळा पाण्यावरच येऊन थांबते. गंगापूर धरणात साठा किती, आवर्तन (शेतीसाठी धरणातून ठरावीक वेळी सोडले जाणारे पाणी) कधी सुटणार, जायकवाडीला किती पाणी जाणार, रामकुंडातले पाणी अंगावर घेण्याजोगे आहे का, हे आपले नेहमीचे प्रश्न आहेत आणि ते रास्तच आहेत. पण नदीची तब्येत जोखण्याची आणखी एक रीत आहे: त्या नदीवर पोट भरणारा मोठा शिकारी प्राणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतो का, हे पाहणे. आपल्या गोड्या पाण्यातल्या सस्तन प्राण्यांत हे स्थान पाणमांजराचे आहे. त्याच्या जगण्याचा बारकाईने विचार केला की एक गोष्ट लक्षात येते, आणि हा लेख तिच्याचसाठी लिहिला आहे. पाणमांजराला पाण्याइतकाच काठ लागतो. ते पाण्यात खाते आणि काठावर जगते. म्हणून पाणी कायम ठेवून केवळ काठ बदलला, तरी त्याचे घर मोडते.

जगात पाणमांजरांच्या सुमारे तेरा जाती आहेत आणि त्यांपैकी तीन भारतात आढळतात. हिमालय, ईशान्य भारत आणि पश्चिम घाटातल्या थंड प्रवाहांत युरेशियन पाणमांजर असते. ते बहुधा एकटे राहते आणि रात्री हिंडते. आशियाई लहान नखांचे पाणमांजर तिघांत सर्वांत छोटे असून डोंगरी ओढ्यांतल्या दगडांखाली पुढच्या पंजांनी चाचपून खेकडे शोधण्यात पटाईत आहे. तिसरे मऊ केसांचे पाणमांजर. मैदानातल्या संथ नद्या, धरणांचे फुगवटे, तलाव आणि कोकणातल्या खाड्या ही त्याची ठिकाणे आहेत, आणि दख्खनच्या नद्यांविषयी बोलताना प्रामुख्याने याच जातीचा विचार करावा लागतो. पुढचे बहुतेक वर्णन तिचेच आहे. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन सात ते अकरा किलो भरते. अंग लांबट, पाय आखूड, बोटांमध्ये पडदे, आणि शेपूट बुंध्याशी जाड व टोकाकडे चपटी होत गेलेली. ही शेपूट पोहताना वल्ह्याचेही काम करते आणि सुकाणूचेही. दुरून पाहणाऱ्याला हा प्राणी मुंगसाचा मोठा भाऊ वाटतो, पण मुंगसाचे आणि मांजराचे त्याच्याशी जवळचे नाते नाही. त्याचे कूळ वीझल, बॅजर आणि आपल्याकडच्या चांदी अस्वलाचे (म्हणजे हनी बॅजरचे; ते खरे अस्वल नव्हे).

दिवसाचा मोठा भाग पाण्यात काढणाऱ्या प्राण्यापुढची पहिली अडचण थंडीची असते. पाणी शरीराची ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. देवमासा किंवा सील यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. पाणमांजराजवळ तो नाही. त्याची सारी भिस्त केसांवर आहे. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब आणि पाणी झटकणारे, तर आतली लव इतकी दाट की तिच्यात हवा अडकून राहते आणि पाणी कातडीपर्यंत पोहोचतच नाही. स्वेटरवर रेनकोट चढवावा तसा हा प्रकार आहे. मात्र ही व्यवस्था केस स्वच्छ, मोकळे आणि कोरडे होत राहिले तरच चालते. त्यासाठी पाणमांजर पाण्यातून बाहेर आले की वाळूत, गवतात किंवा कातळावर लोळते, अंग घासते आणि एकमेकांचे केस साफ करते. पाहणाऱ्याला हा खेळ वाटतो. प्रत्यक्षात ती त्याची रोजची गरज आहे आणि ती भागवायला वाळूचा पट्टा, गवताळ उतार किंवा उन्हात तापलेला निवांत खडक हवा असतो. पाण्यावर तेलकट तवंग असेल तर तो केसांना चिकटतो, आत अडकलेली हवा निघून जाते आणि थंडी थेट कातडीला भिडते. निफाडचा पारा हिवाळ्यात चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, हे आपल्याला द्राक्षबागांच्या काळजीमुळे ठाऊक असते. त्याच रात्री नदीत उतरून पोट भरणाऱ्या प्राण्यासाठी केसांची ही हवाबंद घडी जगण्या-मरण्याचा प्रश्न असते.

ऊब टिकवायची तर इंधनही भरपूर लागते. मोठे पाणमांजर दिवसाला साधारण एक किलो मासे खाते. पाच जणांचे कुटुंब धरले, तर रोजचे चार-पाच किलो झाले, आणि तेही वर्षाचे बाराही महिने, म्हणजे मे महिन्यात नदीचे पात्र ठिकठिकाणी तुटून केवळ डोह उरलेले असतात तेव्हासुद्धा. मासे हेच त्याचे मुख्य अन्न. त्याखेरीज खेकडे, कोळंबी, बेडूक, क्वचित पाणपक्षी आणि उंदीरही त्याला चालतात. कटला, रोहू, मरळ असे आपल्या ओळखीचे मासे तर ते खातेच, पण बाहेरून येऊन आपल्या धरणांत बोकाळलेली चिलापीही आवडीने फस्त करते. ही बाब मच्छीमार बांधवांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे.

शिकारीची पद्धत पाहण्यासारखी असते. पाण्यात बुडी मारताना नाकपुड्या आणि कान मिटतात. पाणी नितळ असेल तर डोळ्यांचा उपयोग होतो, पण पावसाळ्यात गढूळ झालेल्या गोदावरीत डोळे काय कामाचे? तिथे मिशा कामी येतात. नाकाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या या राठ मिशांना मासा शेपटी हलवतो तेव्हा पाण्यात उठणारी हालचाल जाणवते. मऊ केसांची पाणमांजरे बहुतेक वेळा कुटुंबाने शिकार करतात. अर्धगोल रांग करून ती प्रवाहाच्या उलट दिशेने सरकतात आणि माशांचा थवा पुढे रेटत उथळ जागी कोंडतात. छोटा मासा पोहता पोहताच गिळला जातो, मोठा असेल तर तो काठावर आणून दोन पंजांत धरून खाल्ला जातो. शीळ, चिवचिव आणि किंकाळी अशा वेगवेगळ्या आवाजांनी एकमेकांशी संपर्क सतत चालू असतो. कुटुंबात बहुधा एक जोडपे आणि त्यांची लागोपाठच्या विणींची पिल्ले असतात, आणि कुठे जायचे, कधी निघायचे, यात मादीचा शब्द चालतो.

आता काठाकडे वळू. भारतात या जातीची पिल्ले बहुतांशी पावसाळा संपल्यानंतर, हिवाळ्याच्या सुमारास जन्मतात. गर्भकाळ दोन महिन्यांचा असतो. एका वेळी दोन ते पाच पिल्ले होतात. जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले असतात, त्यांना पोहता येत नाही आणि पहिले काही आठवडे ती बिळातच राहतात. हे बीळ काठावरच्या जांभूळ-करंजाच्या मुळांखाली, खडकांच्या कपारीत किंवा दाट पाणगवतात असते. पोहणे त्यांना उपजत येत नाही. आई त्यांना मानेला धरून पाण्यात नेते आणि शिकवते. तीन ते पाच महिन्यांत दूध सुटते, तरी वर्षभर ती आईबरोबरच असतात आणि स्वतःची पिल्ले होण्याच्या वयाला यायला त्यांना दोन ते तीन वर्षे लागतात. या संथ वाढीमुळे एखाद्या नदीतून पाणमांजरे एकदा कमी झाली की पुन्हा भरून यायला बराच काळ जातो. शिवाय पिल्ले बिळात असण्याचा हाच काळ आपल्याकडे रब्बीच्या आवर्तनांचा असतो. पाण्याची पातळी सावकाश चढली तर मादी पिल्लांना तोंडात धरून वरच्या जागी हलवू शकते. पण ती अचानक चढली आणि काठावर दुसरी सुरक्षित जागाच नसेल, तर ती विण वाया जाते.

एका कुटुंबाला नदी किती लागते, याचा अभ्यास चंबळ नदीवर झालेला आहे. तिथे पिल्लांसह असलेल्या मादीचा वावर नदीच्या सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीत आढळला, तर मोठ्या नराचा सतरा किलोमीटर लांबीत. ही लांबी नाशिकच्या नकाशावर ठेवून पाहावी. सतरा किलोमीटर म्हणजे ढोबळमानाने गंगापूर धरणाच्या भिंतीपासून आनंदवल्ली आणि रामकुंड ओलांडून तपोवनापर्यंतची गोदावरी. एका नराला एवढे पात्र लागते आणि त्यात मासे, डोह, कपारी, झाडी व माणसाचा फारसा वावर नसलेले तुकडे एका माळेत असावे लागतात. त्याच अभ्यासात असेही दिसले की पाणमांजरांनी खडकाळ काठ पसंत केले आणि उघडे मातीचे काठ टाळले, कारण लपायला आणि पिल्ले ठेवायला जागा खडकांतच होती.

पाणमांजर सहसा दिसत नाही, पण ते आहे की नाही हे काठ सांगतो. त्याची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे विष्ठा. पाण्यालगतचा एखादा उंच दगड, आडवे पडलेले खोड किंवा दोन प्रवाह मिळतात ती जागा निवडून कुटुंबातले सगळे जण तिथेच विष्ठा टाकतात. ताजी असताना ती काळसर, चिकट आणि माशाच्या उग्र वासाची असते. वाळली की राखाडी होते आणि काडीने हलकेच उकलली तर आत चकचकीत खवले, माशाच्या मणक्यांचे बारीक मणी आणि खेकड्याच्या कवचाचे लालसर तुकडे सुटे दिसतात. मुंगूस, कोल्हा किंवा रानमांजर यांच्या विष्ठेत अधूनमधून हाड सापडेल, पण केवळ खवल्यांनी भरलेली विष्ठा पाणमांजराचीच. ओल्या चिखलातला ठसाही ओळखता येतो. कुत्र्याच्या आणि मांजराच्या पावलात चारच बोटे उमटतात. पाणमांजराच्या पावलात पाच बोटे पसरून उमटतात आणि चिखल मऊ असेल तर त्यांच्यामधल्या पडद्याची कडही दिसते. ही शौचाची जागा म्हणजे त्या कुटुंबाची पाटी असते. इथे कोण राहते, कोण नुकते येऊन गेले, मादी माजावर आहे का, हे सारे दुसऱ्या पाणमांजराला वासावरून कळते.

नाशिक जिल्ह्यात असा काठ आज सर्वांत सलग कुठे असेल, तर तो नांदूर मध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. गंगापूर आणि दारणा धरणांतून सुटणारे पाणी इथे अडते आणि डाव्या-उजव्या कालव्यांतून पुढे जाते. पुरांबरोबर आलेला गाळ शतकभर साचत गेला, त्यातून उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पतींचे दाट पट्टे तयार झाले. बंधारा माणसाने घातला, पण त्यामागे जे उभे राहिले ते नदीने स्वतः घडवले. १९८६ साली हे पक्षी अभयारण्य झाले आणि २०१९ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ स्थळ ठरले. चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बीण लावून रोहित आणि चक्रवाक शोधणारे आपण पक्षी पाहण्यात इतके गुंतलेले असतो की खालचा चिखल पाहायचा राहून जातो. या अभयारण्यातल्या सस्तन प्राण्यांच्या यादीत पाणमांजराचे नाव घेतले जाते. पण यादीतले नाव आणि नांदते कुटुंब यांत फरक असतो, आणि तो भरून काढण्याचा मार्ग म्हणजे ऋतुमानानुसार काठाच्या खुणांची नियमित नोंद ठेवणे. पक्षीगणनेसाठी दरवर्षी उत्साहाने येणाऱ्या स्वयंसेवकांनी त्याच फेरीत ही नोंदही सुरू करावी, असे मला मनापासून वाटते. त्याला वेगळी साधने लागत नाहीत.

शहरातली गोदावरी याच्या अगदी उलट आहे. घाटांचा काँक्रीटचा काठ, पाणवेलींनी झाकलेले पात्र, नासर्डीतून येणारे सांडपाणी आणि खाली जाणारा मैला, हे चित्र नाशिककरांना नव्याने सांगायला नको. पाणवेलींचा थर जाड झाला की खाली ऊन पोहोचत नाही, कुजणाऱ्या पानांमुळे पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात किंवा निघून जातात. मलनिस्सारण केंद्रे सुधारली तर हा भाग दुरुस्त होऊ शकतो. काँक्रीटचे तसे नाही. सिमेंटच्या उभ्या भिंतीत कपार नसते, मुळे नसतात, लोळायला वाळू नसते, पिल्लाला चढायला उतार नसतो. पाणी उद्या आरशासारखे स्वच्छ झाले तरी अशा काठावर पाणमांजर मुक्काम करणार नाही. गोदापात्रातल्या प्राचीन कुंडांवर टाकलेले काँक्रीट काढून जिवंत झरे मोकळे करावेत, ही मागणी नाशिकमधले नदीप्रेमी अनेक वर्षे चिकाटीने करत आले आहेत. पाणमांजराच्या बाजूने विचार केला तरी तीच मागणी पुढे येते.

हे शहरात शक्य आहे का, याचे उत्तर सिंगापूरमध्ये मिळते. तिथे हीच मऊ केसांची जात प्रदूषणामुळे नाहीशी झाली होती. नद्यांची मोठी सफाई झाल्यानंतर, १९९०च्या दशकापासून ती पुन्हा येऊ लागली. पुढे बिशान भागात कलांग नदीचा काँक्रीटचा सरळ कालवा फोडून तिला वळणे, उतार आणि वनस्पतींनी बांधलेले काठ परत देण्यात आले. हे काम २०१२ साली पूर्ण झाले आणि त्या उद्यानात पाणमांजरांचे कुटुंब राहायला आले. गगनचुंबी इमारतींच्या मधोमध ती आज मासे धरतात. तिथली नदी पावसाच्या लोंढ्याचे पाणी आजही वाहून नेते, म्हणजे पूरनियंत्रण आणि जिवंत काठ यांपैकी एकच निवडावे लागते, हा समज खरा नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरेशियन पाणमांजरे झपाट्याने नाहीशी झाली. कारण बियाण्याला चोळण्याच्या आणि मेंढ्या धुण्याच्या औषधांत वापरले जाणारे डिल्ड्रिनसारखे कीटकनाशक होते. ही रसायने लवकर विघटित होत नाहीत आणि चरबीत साठतात. पाण्यात त्यांचे प्रमाण नगण्य असते. किडे आणि शेवाळ यांत ते थोडे वाढते, ते खाणाऱ्या लहान माशात आणखी वाढते, मोठ्या माशात त्याहून जास्त, आणि रोज किलोभर मासे खाणाऱ्या पाणमांजराच्या अंगात त्याचा साठा घातक पातळीला पोहोचतो. साखळीच्या टोकाला असण्याची ही किंमत आहे. त्या रसायनांवर बंदी आल्यावर पाणमांजरे हळूहळू परतली, पण इंग्लंडच्या सर्व परगण्यांत ती पुन्हा आढळायला २०११ साल उजाडले. आज वापरली जाणारी बहुतेक औषधे वेगळी आहेत आणि लवकर विघटित होतात. तरीही द्राक्ष, टोमॅटो आणि कांद्याच्या पट्ट्यातून वाहणाऱ्या कादवा, बाणगंगा आणि गोदावरीसाठी हा धडा जवळचा आहे. फवारणीचे पंप आणि रिकामे डबे नाल्यात न धुणे आणि शेत व नदी यांच्यामध्ये झाडा-गवताचा पट्टा राखणे, हे दोन उपाय शेतकऱ्याच्या हातातले आहेत. तो पट्टा औषध मिसळलेले पाणी काही प्रमाणात गाळतो, माती धरतो आणि पाणमांजराला आडोसाही देतो.

मच्छीमारांचे गाऱ्हाणे मात्र खरे आहे आणि ते झटकून टाकण्याने कोणाचेच भले होत नाही. जाळ्यात अडकलेला मासा म्हणजे पाणमांजरासाठी विनासायास जेवण; तो ओढताना तंगुसाचे (नायलॉनच्या बारीक धाग्याचे) जाळे फाटते आणि ज्याने ठेका भरून मत्स्यबीज सोडले आहे त्याचे नुकसान होते. उलट पाणमांजरही अशा जाळ्यात गुंतून बुडते, कारण त्याला श्वासासाठी वर यावेच लागते. जाळे रात्रभर सोडून न देता लवकर काढले तर दोघांचेही नुकसान कमी होते. बांगलादेशातल्या नराईल भागात मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या पाळीव पाणमांजरे दोरीला बांधून त्यांच्याकरवी मासे जाळ्यात हाकत आले आहेत. ती प्रथा इथे आणावी असे कोणी म्हणणार नाही, पण माणूस आणि पाणमांजर एकाच पाण्यावर जगू शकतात, हे त्यावरून दिसते.

कातडीसाठी होणारी शिकार आणि पिल्लांचा चोरटा व्यापार ही संकटे आणखी वेगळी. आग्नेय आशियात आणि जपानमध्ये घरात पाळायला पिल्लांची मागणी वाढल्यामुळे मऊ केसांच्या आणि लहान नखांच्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ साली कडक बंदी आली. जागतिक पातळीवर या दोन्ही जाती असुरक्षित गणल्या जातात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाणमांजराला मारणे, पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. कर्नाटकाने २०१५ साली तुंगभद्रेच्या सुमारे ३४ किलोमीटर पात्राला पाणमांजरांसाठी राखीव क्षेत्र घोषित केले. तिथे संरक्षण दिले ते नदीच्या सलग लांबीला, आणि पाणमांजराच्या बाबतीत हेच योग्य एकक आहे. गोदावरी-कादवा संगमाच्या वरच्या आणि खालच्या पात्राचा असा एकत्रित विचार व्हायला हवा; अभयारण्याची हद्द संपली म्हणून पाणमांजराची नदी संपत नाही.

नाशिक परिसरात कोणाला वर सांगितलेल्या खुणा दिसल्या, तर विष्ठेशेजारी किंवा ठशाशेजारी एखादे नाणे ठेवून फोटो काढावा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवावे आणि ती माहिती वनविभागाला द्यावी. नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण बिळाचा पत्ता शिकाऱ्यालाही तेवढाच उपयोगी पडतो. हिवाळ्यात काठावर एकटे पिल्लू दिसले तर आई बहुधा मासे धरायला गेलेली असते. त्याला उचलू नये, कुत्री जवळ नाहीत ना एवढे दुरून पाहावे आणि विहिरीत पडलेले किंवा जाळ्यात अडकलेले पाणमांजर आढळले तर स्वतः ओढण्याच्या भानगडीत न पडता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, कारण त्याचा चावा फार जोराचा असतो.